दोन जिवांची बाई आणि तिचे दात

पाचवा महिना लागला, की घरात सुनेच्या खाण्यापिण्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. कोणी चिंचा-बोरे आणून देते, कोणी बरणीतले लोणचे काढते, कोणी जड हंडा उचलू नको म्हणून बजावते. पण सकाळी मोरीवर दात घासताना तिच्या थुंकीत रक्त दिसते, ते मात्र ती कोणाला सांगत नाही. सांगितले तरी उत्तर ठरलेले असते : "अगं, पोटुशी बाईच्या हिरड्या दुखायच्याच. माझ्या दोन दाढा थोरल्याच्या वेळी गेल्या." झाले! विषय तेथेच संपतो.

भगिनींनो, हा विषय तेथे संपू नये म्हणून आजचा लेख. आणि त्यासाठी आज तुम्हाला थोडे दूर, समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात घेऊन जायचे आहे. तेथील मूळ रहिवासी स्त्रियाही असेच दुखणे मुकाट्याने सोसत आल्या. पण त्यांच्यातील आरोग्यसेविकांनी, नर्सबाईंनी आणि दंतवैद्यांनी मिळून गेल्या काही वर्षांत त्यातून एक वाट काढली आहे. ती वाट फार खर्चाची नाही, फार विद्वत्तेचीही नाही. आपल्या घरात आणि गावात ती सहज चालता येईल.

पिठाच्या आणि साखरेच्या गोणी

ऑस्ट्रेलिया हा आपल्या देशाच्या दुपटीहून मोठा देश; पण वस्ती सगळी मिळून महाराष्ट्राच्या निम्मीही नाही. इंग्रज तेथे १७८८ साली वसाहत करायला उतरले. त्याच्या हजारो वर्षे आधीपासून तेथे राहणारे जे लोक, त्यांना ॲबोरिजिनल म्हणजे मूळ रहिवासी म्हणतात. ते एका जमातीचे नाहीत. अडीचशेहून अधिक भाषा त्यांच्यात बोलल्या जात. २०२१ च्या शिरगणतीत ते आणि उत्तरेकडील टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे रहिवासी मिळून ८ लाखांहून अधिक भरले.

या लोकांचे जुने खाणे म्हणजे शिकारीचे मांस, मासे, रानातले कंद, फळे आणि गवताचे बी. बायका हे बी दगडावर दगडाने वाटून त्याची भाकरीसारखी जाड पोळी निखाऱ्यावर भाजत. गोड म्हणजे कधीमधी मिळणारा रानमध. असे खाणे चावून चावून त्यांचे दात झिजत, पण किडत क्वचितच. ॲडलेड येथील टी. डी. कॅम्पबेल या दंतवैद्याने १९२५ साली या लोकांच्या दातांवर ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढे १९५१ पासून वीस वर्षे ॲडलेड विद्यापीठाच्या मंडळींनी वाळवंटातील युएंडुमू या वस्तीत जाऊन तेथील वार्ल्पिरी मुलांच्या दातांचे साचे घेतले. म्हणजे या लोकांचे दात मुळात चांगले, हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते.

मग बिघडले कोठे? जमिनी गेल्या, शिकारीच्या वाटा बंद झाल्या, आणि लोकांना सरकारी वस्त्यांवर, मिशनऱ्यांच्या आवारात किंवा गुरांच्या मोठ्या वाड्यांवर राहावे लागले. तेथे त्यांना शिधा मिळे तो पांढरे पीठ, साखर, चहा आणि तंबाखूचा. रानातले खाणे सुटले आणि साखर रोजची झाली. त्यावर पुढे दुकानातली गोड पेये आली. आज दूरच्या वस्त्यांतील दुकानात ताजी भाजी महाग आणि गोड पाण्याची बाटली मात्र हाताशी, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. जे दात दगडावर वाटलेल्या बियांनी किडले नव्हते, ते साखरेने किडले.

आपल्याकडे वेगळे काय घडले? ज्वारीची भाकरी, शेंगदाणे आणि ताक यांच्या जागी दिवसातून चार वेळा गोड चहा, त्यात बुडवून खारी-बिस्किट, आणि पोरांच्या हातात पाच रुपयांचे पाकीट. विचार करून पाहा.

पोट वाढते तशा हिरड्या का सुजतात?

गरोदरपणी अंगात काही रसांचे प्रमाण फार वाढते. डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. त्यांच्यामुळे हिरड्यांना रक्ताचा पुरवठा वाढतो आणि त्या हुळहुळ्या होतात. दातांच्या मुळाशी अन्नाचा पिवळट थर साचलेला असला, की अशा हिरड्या लगेच सुजतात, लाल होतात आणि जरा घासले की त्यांतून रक्त येते. हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून दिसू लागतो आणि आठव्या महिन्यापर्यंत वाढत जातो. दात स्वच्छ ठेवले तर तो आटोक्यात राहतो आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. पण आधीपासूनच हिरड्यांचा आजार असेल, तर तो या दिवसांत बळावतो आणि दात हलू लागतात.

दुसरे कारण ओकाऱ्यांचे. ओकारीबरोबर पोटातले आंबट पाणी तोंडात येते आणि दातांवरचे कठीण कवच त्या आंबटाने मऊ पडते. लगेच ब्रश घेऊन घासले, तर ते कवच झिजते. म्हणून ओकारी झाल्यावर आधी नुसत्या पाण्याने किंवा पेलाभर पाण्यात लहान चमचाभर खायचा सोडा घालून खळखळून चूळ भरावी आणि दात अर्ध्या-एक तासाने घासावेत.

तिसरे कारण डोहाळ्यांचे. घडीघडी काही गोड-आंबट तोंडात टाकले, तर किडीला दिवसभर खुराक मिळतो.

आता एक समजूत दूर करायला हवी. पोटातले बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते, म्हणून दात पडतात, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे खरे नाही. बाळाला लागणारा चुना आईच्या खाण्यातून जातो. खाण्यात कमी पडला, तर तो तिच्या हाडांतून घेतला जातो, दातांतून नव्हे. दात जातात ते किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने. म्हणजेच ते वाचवता येतात. म्हणून दूध, ताक, नाचणी, तीळ, पालेभाजी ही आईच्या ताटात हवीत आणि दात घासणेही हवे.

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी स्त्रियांत गरोदरपणी मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. दोघे एकमेकांचा हात धरून येतात. ज्यांच्या घरी साखरेचा आजार आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काही जण असेही सांगतात, की हिरड्या बऱ्या केल्या म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण टळते. पश्चिम ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक गरोदर स्त्रियांवर याची परीक्षा झाली आणि तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. उपचाराने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली नाहीत. पण गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने आईला किंवा बाळाला काही अपाय झाला नाही. हा दुसरा भाग आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. 'पोटुशी बाईने दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नये' ही भीती निराधार आहे.

मग बाई दवाखान्यात का जात नाही?

ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश. मग तेथील बाई दुखरी दाढ घेऊन घरी का बसते? कारणे ऐकली, तर ओळखीची वाटतील.

पहिले कारण अंतराचे. वर सांगितलेली युएंडुमू वस्ती ॲलिस स्प्रिंग्ज या शहरापासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. अशा दूरच्या वस्त्यांतल्या बायकांना दिवस भरत आले, की ३६ ते ३८ आठवड्यांच्या सुमारास शहरात जाऊन बाळंतपणाची वाट पाहत राहावे लागते. घरचे माणूस जवळ असेलच असे नाही. अशा वेळी दातांचा विचार कोण करणार?

दुसरे पैशाचे. तेथील सरकारी आरोग्य योजनेत मोठ्या माणसांच्या दातांचा खर्च साधारणपणे बसत नाही. गरिबांसाठी सरकारी दंतचिकित्सालये आहेत, पण रांग लांब असते.

तिसरे भीतीचे, आणि ही भीती नुसती सुईची नाही. विसाव्या शतकात, १९७० च्या आसपासपर्यंत, सरकारी माणसे मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून काढून नेत आणि संस्थांत किंवा परक्या घरांत वाढवत. अशा हजारो मुलांची ताटातूट झाली. १९९७ मध्ये याचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. पण ज्या आजीचे मूल असे गेले, तिची नात सरकारी दवाखान्याच्या दारात सहज कशी पाऊल टाकील? कागदावर काय लिहितील, मला वाईट आई तर म्हणणार नाहीत ना, हा धसका मनात असतो.

चौथे लाजेचे. काळे पडलेले, किडलेले दात परक्या डॉक्टरपुढे उघडायचे आणि वर बोलणी खायची : "इतके दिवस काय करत होतीस?" एकदा असे ऐकलेली बाई पुन्हा जात नाही. बहिणींनो, आपल्याकडेही बाई हसताना पदर तोंडावर का धरते, हे आपण जाणतो.

आपलीच बाई विचारते तेव्हा

म्हणून तेथील लोकांनी स्वतःचे दवाखाने काढले. सिडनी शहरातील रेडफर्न भागात १९७१ साली असा पहिला दवाखाना सुरू झाला. कारभार त्यांच्याच समाजाचा. आज असे दवाखाने देशभर आहेत. न्यू साउथ वेल्स राज्यात गरोदर स्त्रियांसाठी अशी व्यवस्था केली, की प्रसूतीची शिकलेली नर्स आणि त्याच समाजातली आरोग्यसेविका अशी जोडी मिळून एका बाईची काळजी घेते. नर्सकडे शिक्षण असते आणि सेविकेकडे विश्वास. तिला घरातल्या आजीचे नाव ठाऊक असते, कोणाची गाडी कधी शहरात जाणार तेही ठाऊक असते.

आता दातांचा प्रश्न या जोडीच्या हाती कसा आला, ते पाहा. पश्चिम सिडनीतील संशोधकांच्या लक्षात आले, की गरोदर बाई दंतवैद्याकडे जात नाही, पण नर्सकडे मात्र नेमाने जाते. मग नर्सनेच पहिल्या भेटीत दोन साधे प्रश्न विचारावेत असे ठरले. एक : हिरड्यांतून रक्त, सूज, ठणका, हलणारा किंवा किडलेला दात, असा काही त्रास आहे का? दोन : गेल्या वर्षभरात दातांच्या डॉक्टरला दाखवले का? पहिल्याचे उत्तर 'हो' किंवा दुसऱ्याचे 'नाही' आले, तर तिला दंतवैद्याकडे पाठवायचे.

याची परीक्षा तेथील तीन रुग्णालयांत सर्व समाजांतील सहाशेहून अधिक गरोदर स्त्रियांवर घेतली गेली. जेथे नेहमीचीच तपासणी झाली, तेथे शंभरातल्या सुमारे २० जणी दंतवैद्याकडे गेल्या. जेथे नर्सने विचारले, समजावले आणि चिठ्ठी दिली, तेथे सुमारे २८ गेल्या. आणि जेथे नर्सने विचारले व उपचाराची सोयही लावून दिली, तेथे सुमारे ८७ गेल्या!

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. नुसत्या उपदेशाने २० चे २८ झाले. सोय लावून दिल्यावर ८७ झाले. म्हणजे बायका हट्टी नव्हत्या, अडाणी नव्हत्या. त्यांना कोणी हात धरून नेत नव्हते, एवढेच. याच धर्तीवर आता मूळ रहिवासी समाजातील आरोग्यसेविकांनी गरोदर स्त्रियांच्या दातांची विचारपूस करावी, यासाठी काम चालू आहे.

बाळाच्या दातांच्या गप्पा

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या लिसा जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आणखी एक काम हाती घेतले. त्याचे नाव 'बेबी टीथ टॉक', म्हणजे बाळाच्या दातांच्या गप्पा. ज्यांच्या पोटी मूळ रहिवासी समाजाचे बाळ आहे अशा सुमारे साडेचारशे स्त्रिया त्यात सामील झाल्या. त्यांतल्या निम्म्यांना गरोदरपणीच दातांचे उपचार मिळाले. बाळ जन्मल्यावर ६, १२ आणि १८ महिन्यांनी त्याच्या दातांना कीड रोखणारा फ्लोराईडचा लेप लावला गेला. आणि आईशी गप्पा झाल्या. भाषण नव्हे हं! तुला काय जमेल, काय अवघड जाते, असे विचारून तिच्याच तोंडून वाट काढायची. उरलेल्या निम्म्यांना हेच सारे बाळ दोन वर्षांचे झाल्यावर मिळाले, म्हणजे कोणी वंचित राहिले नाही. दोन वर्षांनी पाहिले, तेव्हा ज्यांना आधी मदत मिळाली त्यांच्या मुलांत कीड कमी होती.

आईच्या दातांचा बाळाच्या दातांशी संबंध काय? एक तर, दुधाचे दात सहाव्या-सातव्या आठवड्यातच पोटात घडू लागतात. दुसरे, कीड लावणारे जंतू बाळ बरोबर घेऊन जन्मत नाही. ते त्याला बहुधा घरच्यांच्या, त्यातही आईच्या, थुंकीतून मिळतात. आई चमचा आपल्या तोंडात घालून घास गरम आहे का पाहते आणि तोच चमचा बाळाला देते. आजी घास चावून मऊ करून भरवते. माया खरीच, पण मायेबरोबर जंतूही जातात. आईचे तोंड निरोगी असेल, तर बाळाला जंतू कमी मिळतात.

तंबाखू, राख आणि मशेरी

एक गोष्ट वाचून तुम्हाला नवल वाटेल. मध्य ऑस्ट्रेलियातील वाळवंटात रानतंबाखू उगवते. तिला पिटुरी किंवा मिंगकुल्पा म्हणतात. तेथील बायका तिची पाने झाडाच्या सालीच्या राखेत मिसळून चघळतात आणि गोळी गालात किंवा ओठाखाली धरतात. राखेने तेच काम होते जे आपल्याकडे चुन्याने होते : तंबाखूतले विष लवकर रक्तात उतरते. गरोदर बायकाही ती खातात आणि मग तेथील आरोग्यसेविकांना हळूच, न रागावता, हा विषय काढावा लागतो.

आपल्याकडे हीच जागा मशेरीने घेतली आहे. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना लावून तासभर बसायचे. "तिच्याशिवाय पोट साफ होत नाही," "दाढ दुखायची थांबते," अशी कारणे सांगायची. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची एक पाहणी झाली आणि तिचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी तंबाखू तोंडात धरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झाले. मशेरी दात साफ करत नाही. ती हिरड्या खाते, तोंडाच्या कर्करोगाला बोलावते आणि पोटातल्या बाळाच्या वाट्याचे काढून घेते. दाढ दुखायची थांबते ती बधिर झाल्यामुळे. आत कीड चालूच असते.

घरात काय करता येईल?

आता कामाच्या गोष्टी. कापून भिंतीला लावल्या तरी चालतील.

१. सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशने, फ्लोराईड असलेल्या पेस्टने दात घासा. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे. रक्त आले म्हणून थांबू नका. हलक्या हाताने रोज घासले, तर रक्त कमी होते. पंधरा दिवसांत कमी झाले नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

२. मशेरी, गुल, तपकीर, तंबाखू बंद. विटेची पूड आणि राखुंडीही नको. तिने दात झिजतात.

३. ओकारीनंतर आधी चूळ, घासणे नंतर.

४. डोहाळे पुरवा, पण गोड जेवणाबरोबर खा. मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, ताक. चहातली साखर अर्ध्यावर आणा.

५. दातांच्या उपचाराला चौथा ते सहावा महिना सगळ्यांत सोयीचा. पण ठणका, गालावर सूज किंवा ताप असेल, तर महिना मोजत बसू नका, लगेच जा. भूल देऊन दात काढणे वा भरणे गरोदरपणी करता येते. मी गरोदर आहे, हे मात्र डॉक्टरांना आधी सांगा. क्ष-किरण फोटो अगदी जरूर असेल, तर पोटावर शिशाचे आवरण घालून काढता येतो.

६. दुकानातून दाढदुखीची गोळी आणून घेऊ नका. काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात, आणि टेट्रासायक्लीन जातीच्या औषधांनी बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत कोमट मीठ-पाण्याच्या चुळा भरा.

७. बाळाला दात यायच्या आधीपासून दूध पाजल्यावर स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. पहिला दात दिसला, की तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टने घासा. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, तेथे पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

विचारणारी बाई तुम्हीच व्हा

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. ही सोय २०१६ पासून आहे. तेथे वजन, रक्त, रक्तदाब पाहतात. त्या दिवशी आपणहून सांगा, "डॉक्टर, माझ्या हिरड्यांतून रक्त येते." जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतात आणि कोणत्या वारी, हे आशाताईंना विचारून ठेवा. आशाताई आणि अंगणवाडीताईंनाही विनंती आहे : गरोदर बाईच्या घरी जाल, तेव्हा ते दोन प्रश्न विसरू नका.

आणि सासूबाई, हे शेवटचे तुमच्यासाठी. सिडनीत ज्या ८७ जणी दंतवैद्याकडे पोहोचल्या, त्या कोणी त्यांची सोय लावून दिली म्हणून. आपल्या घरात ती सोय लावणारी बाई तुम्ही आहात. आज संध्याकाळी सुनेला जवळ बसवा आणि विचारा, "बाई, दात घासताना रक्त येते का गं?" ती 'हो' म्हणाली, तर तुमच्या गेलेल्या दोन दाढांची गोष्ट सांगू नका. पुढच्या बाजारच्या दिवशी तिला बरोबर घ्या, मुलाला गाडी काढायला सांगा आणि दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसा. तिच्या दाढा तुमच्यासारख्या जाऊ द्यायच्या नाहीत, एवढे तुमच्या हाती आहे.